स्लाइड न पाहता दिलेले अँटिबायोटिक मांजराला महाग पडते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भाद्रपद सरत आला की ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक ठरावीक फोटो फिरू लागतो: मांजराच्या मानेवर किंवा कानामागे केस गेलेला, खपली धरलेला ओलसर चट्टा. खाली पाच मिनिटांत पाच सल्ले येतात. कोणी मलमाचे नाव देते, कोणी हळद-खोबरेल सुचवते, कोणी 'आमच्या डॉगीला ही गोळी लागू पडली' म्हणून पाकिटाचा फोटो टाकते. या लोकांच्या मनातल्या मायेबद्दल शंका नाही. घोडबंदर रोडच्या संकुलांपासून दिवाळे कोळीवाड्यापर्यंत कितीतरी मांजरे अशाच माणसांनी ठेवलेल्या वाटीभर दूधभातावर आणि मासळीच्या डोक्यांवर जगतात. पण मांजराच्या कातडीतला जिवाणूसंसर्ग फोटोवरून ओळखता येत नाही. तो काचपट्टीवर, म्हणजे स्लाइडवर, ठसा घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहावा लागतो. हे काम दहा मिनिटांचे आणि अगदी थोड्या खर्चाचे आहे. तरीही ते सर्रास टाळले जाते, म्हणून हे पत्र.

कुत्र्यांत पू धरणारा त्वचारोग फार आढळतो, मांजरांत त्या मानाने कमी. मांजरात तो आढळला तर बहुतेक वेळा मूळ दुखणे दुसरेच असते: पिसवांची ॲलर्जी, अन्नाची ॲलर्जी, लूत किंवा सततच्या चाटण्याने सोललेली कातडी. जिवाणू मागून येतात. बहुधा ते स्टॅफिलोकोकस कुळातले असतात आणि एरवीही अंगावर, नाकातोंडात वस्तीला असतात. कातडी फाटली, ओली राहिली की ते आत शिरतात. पुस्तकातल्या चित्रासारखा पूभरला फोड मांजरावर क्वचितच दिसतो, कारण खरबरीत जिभेपुढे तो टिकत नाही. हाती लागतात त्या खपल्या, ओरखडे, मोहरीएवढे खरखरीत दाणे आणि गळलेले केस. नेमके हेच चित्र नायट्यात दिसते, लुतीत दिसते, नुसत्या ॲलर्जीतही दिसते. अनुभवी डोळाही इथे फसतो.

त्यामुळे तपासणीचा क्रम महत्त्वाचा. आधी बारीक दातांची फणी कमरेपासून शेपटीच्या मुळापर्यंत फिरवावी आणि निघालेला काळा कचरा ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावा. भोवती तांबूस-तपकिरी ओघळ पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. पिसू दिसली नाही म्हणून पिसवा नाहीत असे होत नाही. खाज असलेले मांजर त्या चाटून गिळते. मग बोथट केलेल्या ब्लेडवर लिक्विड पॅराफिनचा थेंब घेऊन कानाच्या कडेची आणि चट्ट्याच्या कडेची कातडी खरवडावी. लुतीचा किडा असेल तर तो दहा पटीच्या भिंगाखालीच चालताना दिसतो. त्यानंतर नायट्यासाठी वूड्स दिवा, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा. खोली पूर्ण अंधारी हवी, आणि विजेवर चालणारा जुना दिवा असेल तर तो पाच मिनिटे आधी लावून ठेवावा. मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीने धरलेला केस मुळाकडून हिरव्या सफरचंदाच्या रंगात चमकतो. कोंडा, मलमाचा थर, कपड्याचे तंतू हेसुद्धा चमकतात, पण निळसर-पांढरे, आणि ती चमक केसाच्या दांड्याला धरून नसते. दिवा कोरा गेला तरी नायटा नाही असे ठरत नाही. संशय असेल तर केस उपटून कल्चरला लावावेत, म्हणजे त्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहावेत. घरात कोणाच्या हातावर, मानेवर गोल लाल चकंदळे उठली आहेत का, हे याच वेळी विचारावे. माणसे हे आपणहून सांगत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, ठसा. ओला चट्टा असेल तर खपलीची कड सुईने उचलावी आणि तिच्या खालच्या ओल्या जागेवर काचपट्टी टेकवावी. घासू नये, दाबून उचलावी. घासली तर पेशी फुटतात आणि स्लाइडवर नुसत्या निळ्या तारा दिसतात. चट्ट्यावर आधी स्पिरिट फिरवू नये. जागा कोरडी असेल, किंवा बोटांच्या बेचकीत, हनुवटीवर काच नीट बसत नसेल, तर साधी पारदर्शक चिकटपट्टी त्याच जागी पाच-सहा वेळा चिकटवून उचलावी. तीन बरण्यांचा झटपट रंग बहुतेक दवाखान्यांत असतोच. काचपट्टी प्रत्येक बरणीत साधारण पाच वेळा, सेकंद-सेकंद बुडवायची, मग मागच्या बाजूने बारीक धारेखाली धुऊन सुकवायची. चिकटपट्टी मात्र पहिल्या बरणीत, म्हणजे मिथेनॉलमध्ये, घालू नये. तिचा गोंद विरघळून सगळे धूसर होते.

आपल्याकडच्या दमट हवेत इथेच एक गफलत होते. मिथेनॉलच्या बरणीचे झाकण उघडे राहिले की ते हवेतले पाणी शोषते. असे पाणी धरलेले मिथेनॉल पेशींवर चमकदार ठिपके सोडते आणि नवख्याला ते जिवाणू वाटतात. जुन्या रंगात तर खरेच जिवाणू आणि यीस्ट वाढतात. एका मांजराच्या कानातला मळ बुडवलेल्या बरणीतून दुसऱ्याच्या स्लाइडवर ते आयते येतात. म्हणून कानाच्या मळासाठी बरण्यांचा वेगळा संच ठेवावा, झाकणे घट्ट लावावीत आणि पावसाळ्यात रंग लवकर बदलावा. रंगाचा गाळ आणि जिवाणू यांतला फरकही सांगायला हवा. गाळाचे कण लहानमोठे असतात आणि पेशीपेक्षा वेगळ्या पातळीवर फोकस होतात. कॉकाय, म्हणजे गोल आकाराचे जिवाणू, एकसारखे असतात आणि जोडीजोडीने किंवा घोसात दिसतात. कातडीतल्या रंगद्रव्याचे कण तपकिरी असतात, तर रंगलेला जिवाणू निळा असतो.

आधी दहाच्या भिंगाने पेशी दाट असलेली जागा शोधावी, मग तेलाचा थेंब टाकून शंभरच्या भिंगाने पाहावे. शोधायचे आहेत न्यूट्रोफिल, म्हणजे पू बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, आणि त्यांच्या पोटात गिळलेले जिवाणू. हे दृश्य दिसले की संसर्ग पक्का. पेशींबाहेर चार-दोन कॉकाय तरंगत असतील आणि न्यूट्रोफिल नसतील, तर ते वस्तीचे जिवाणू समजावेत. अँटिबायोटिकची गरज नाही. लालसर दाण्यांच्या इओसिनोफिल पेशी भरपूर असतील तर ॲलर्जी किंवा परोपजीवी यांच्यामागे लागावे. शेंगदाण्याच्या किंवा बुटाच्या ठशाच्या आकाराचे कण म्हणजे यीस्ट. कॉकायऐवजी दांडीच्या आकाराचे जिवाणू दिसले तर अंदाजाने औषध देऊ नये, थेट कल्चर करावे. हे सगळे केसपेपरवर एका ओळीत लिहिता येते.

बोक्यांच्या मारामारीतले गळू हे प्रकरण वेगळे. तिथे स्टॅफिलोकोकस मुख्य नसतो. चावणाऱ्या मांजराच्या तोंडातला पाश्चुरेला आणि हवेशिवाय वाढणारे जिवाणू दाताच्या बारीक भोकातून खोल जातात, भोक एक-दोन दिवसांत मिटते आणि आत पू साठतो. दोन ते पाच दिवसांत गाल, पुढचा पाय किंवा शेपटीचे मूळ सुजते. मांजर खात नाही, कोपऱ्यात बसते, ताप 104 फॅरनहाइटच्या वर जातो (मांजराचे सामान्य तापमान साधारण 100.5 ते 102.5 असते, ते माणसाच्या मापाने मोजू नये). इथे उपचार चाकूचा आहे. भूल किंवा गुंगी देऊन, केस काढून, गळवाच्या सर्वांत खालच्या जागी चीर द्यायची म्हणजे पू आपोआप वाहतो. मग सलाइनने पाणी स्वच्छ येईपर्यंत पोकळी धुवायची आणि तोंड तीन ते पाच दिवस मिटू द्यायचे नाही. पोकळी मोठी असेल तर नळी ठेवावी लागते. घरी पिळू नये. पू आतल्या आत पसरतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून समाधान वाटते, पण तो भरणाऱ्या पेशीही मारतो. पू निचरला, भोवतीची कातडी फार सुजलेली नसली आणि ताप उतरला, तर अँटिबायोटिकचा लांब कोर्स लागत नाही. चावणारे मांजर अनोळखी असेल तर रेबीजच्या लसीचा विचार त्याच दिवशी करावा. मांजराचा एड्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एफआयव्हीची चाचणी मात्र चाव्यानंतर साधारण दोन महिन्यांनी करावी. त्याआधी ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. मांजर माणसाला चावले तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. हातावरचा चावा चोवीस तासांत सुजतो.

तापाचा विषय निघाला म्हणून ठासून सांगतो: मांजराला पॅरासिटामॉल देऊ नये, पाव गोळीसुद्धा नाही. ते निष्क्रिय करणारी यकृतातली यंत्रणा मांजरात फारच तोकडी असते. 500 मिलीग्रॅमची एक गोळी जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी पडणे आणि तोंड सुजणे ही खूण आहे. गोळी दिली गेली असेल तर खूण दिसण्याची वाट न पाहता दवाखान्यात न्यावे आणि काय दिले ते न लाजता सांगावे.

वरवरचा संसर्ग थोड्या जागेत असेल तर औषध बाहेरूनच लावावे. 2 ते 4 टक्के क्लोरहेक्सिडिनचा प्राण्यांसाठीचा शाम्पू आठवड्यातून दोन-तीनदा, आणि फेस घड्याळ लावून दहा मिनिटे अंगावर ठेवून. लोक दोन मिनिटांत धुतात आणि शाम्पूला दोष देतात. अंघोळ न सोसणाऱ्या मांजराला औषधी वाइप्स किंवा फोम बरा. जखम पुसायला 0.05 टक्क्याचे पाणी पुरते: 2 टक्क्यांचे द्रावण 25 मिली, त्यात उकळून गार केलेले 975 मिली पाणी. ते सलाइनमध्ये मिसळून साठवू नये, गाळ बसतो. साध्या साबणाने जागा धुतली असेल तर साबण पूर्ण निघाल्याशिवाय क्लोरहेक्सिडिन लावू नये. साबण त्याला निकामी करतो. डोळ्यापासून ते लांबच ठेवावे, आणि पडदा फाटलेला असू शकेल अशा कानात घालू नये. दुकानात क्लोरहेक्सिडिन मागितले की पुष्कळदा सेट्रिमाइड मिसळलेले घरगुती जंतुनाशक हातात ठेवतात. ते चाटून मांजराच्या जिभेला फोड येतात. फिनाइल, क्लोरोझायलेनॉलची पांढरी होणारी जंतुनाशके आणि टी-ट्री तेल हे तर मांजरासाठी विषच. हळदीच्या लेपाने फार नुकसान होत नाही, पण खपली झाकली जाते आणि स्लाइडवर पिवळ्या कणांखाली काही दिसत नाही.

हनुवटीवर काळे ठिपके आणि पुटकुळ्या असतील तर आधी प्लॅस्टिकची वाटी बदलून स्टीलची किंवा काचेची द्यावी आणि ती रोज घासावी. पुटकुळ्या फोडू नयेत.

औषध कोणतेही लावा, गळ्यात चाटणे रोखणारी शंकूसारखी कॉलर हवीच. औषध चाटले गेले तर ते पोटात जाते आणि जखम पुन्हा सोलली जाते. कॉलर घातली की मांजर दुःखी दिसते म्हणून लोक ती रात्री काढून ठेवतात, आणि सगळे चाटणे रात्रीच होते.

मेडिकलमधल्या 'सगळ्यावर चालणाऱ्या' मलमांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. एका ट्यूबमध्ये क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड, एक अँटिबायोटिक आणि एक बुरशीचे औषध. लावल्यावर लाली दोन दिवसांत उतरते, कारण स्टेरॉइड खाज आणि सूज दाबते. नायटा असेल तर तो त्या आडोशाने पसरतो. जिवाणू असतील तर ते अपुऱ्या मात्रेत औषध पचवायला शिकतात. चौथ्या दिवशी मांजर दवाखान्यात आले तर स्लाइडही खोटे बोलते. मांजराची कातडी पातळ, त्यात चाटणे, म्हणजे स्टेरॉइड रक्तातही जाते. 2018 पासून अशी स्टेरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. वागळे इस्टेटपासून नेरूळपर्यंत किती काउंटरवर चिठ्ठी मागितली जाते, हे वाचकांनीच पाहावे.

पोटातून अँटिबायोटिक लागते तेव्हा पहिली निवड साधीच असावी. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेट, दर किलोला 12.5 मिलीग्रॅम, दर बारा तासांनी. चार किलोच्या मांजराला एका वेळी 50 मिलीग्रॅम. माणसाच्या 625च्या गोळीचे बारा तुकडे करून ही मात्रा साधत नाही, आणि तोडलेली गोळी आपल्या हवेत ओल धरून लवकर बिघडते. सेफॅलेक्सिन किंवा क्लिंडामायसिन हे पर्याय आहेत. डॉक्सिसायक्लिनची किंवा क्लिंडामायसिनची गोळी कोरडी कधीही देऊ नये. ती मांजराच्या अन्ननलिकेत अडकून जखम करते, आणि डॉक्सिसायक्लिनच्या जखमेने नळी आक्रसून गेल्यावर मांजर घास गिळू शकत नाही. गोळीमागोमाग सिरिंजने पाच-सहा मिली पाणी द्यावे किंवा लगेच खाऊ घालावे. एन्रोफ्लॉक्सासिन मांजराला दिवसाला दर किलोमागे 5 मिलीग्रॅमच्या वर देऊ नये. त्यापुढे डोळ्याचा पडदा जळतो आणि आंधळेपणा कायमचा राहू शकतो. शेजारच्या लॅब्रेडॉरची 150ची गोळी 'अर्धी करून' दिली तरी चार किलोच्या मांजराला ती मर्यादेच्या जवळजवळ चौपट होते. दोन आठवडे टिकणारे सेफोव्हेसिनचे इंजेक्शन गोळी न घेणाऱ्या मांजरासाठी सोयीचे आहे, पण एकदा टोचले की परत काढता येत नाही आणि जिवाणू त्याला सरावले की पुढची औषधेही हातची जातात. गोळी पाजणे अवघड जाते एवढ्यावरून ते पहिले औषध होऊ नये.

दोन आठवड्यांनी मांजर परत आणावे, बरे दिसत असले तरी. तेव्हाची दुसरी स्लाइड ठरवते की औषध थांबवायचे की चालू ठेवायचे. दोन आठवड्यांत फरक नसेल तर औषध 'वाढवून' पाहण्याऐवजी कल्चर करावे. खोल जखम असेल, आधी बरीच अँटिबायोटिक्स झाली असतील, तरीही कल्चरच. नमुना नीट घ्यावा: खपलीच्या वरून नव्हे, तर खपली उचलून खालून, गळवातून काढताना निचऱ्यानंतर आतल्या भिंतीवरून, खोल गाठ असेल तर कातडीचा छोटा तुकडा. स्वॅब कोरडा न नेता ट्रान्सपोर्ट माध्यमात, म्हणजे जिवाणू जिवंत ठेवणाऱ्या नळीत, न्यावा. माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये पाठवत असाल तर चिठ्ठीवर 'मांजर' असे ठळक लिहावे आणि स्टॅफिलोकोकसची नेमकी जात मागावी. प्राण्यांतला स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस माणसांच्या लॅबमध्ये ऑरियस म्हणून नोंदला जातो आणि मग प्रतिरोध मोजण्याची कसोटीच चुकते. मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा जिवाणू निघाला तर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेट आणि सेफॅलेक्सिन दोन्ही बाद, लॅबच्या रिपोर्टवर त्यांच्यासमोर काहीही छापलेले असो.

पोटाच्या खालच्या चरबीत भोके पडून पाझरत असतील आणि महिना उलटूनही भरत नसतील, तर ते साधे जिवाणू नसावेत. क्षयाच्या जिवाणूचे मातीतले नातलग, नोकार्डिया हा जिवाणू किंवा स्पोरोथ्रिक्स ही बुरशी यांचा विचार व्हावा आणि तुकडा तपासावा. स्पोरोथ्रिक्स मांजराच्या ओरखड्यातून माणसाला होतो. अशा मांजराला हातमोज्यांशिवाय हात लावू नये.

एवढे सगळे करून पिसवा तशाच ठेवल्या तर महिन्याभरात चट्टा परत येतो. आपल्या हवेत पिसवा बारमाही असतात. घरातल्या सर्व मांजरांना आणि कुत्र्यांना एकाच दिवशी औषध, दर महिन्याला, किमान तीन महिने. गादीच्या शिवणी आणि सोफ्याखाली व्हॅक्यूम. मांजराला औषध मांजराच्या वजनाचेच. कुत्र्यासाठीच्या पर्मेथ्रिन या कीटकनाशकाच्या थेंबांनी मांजराला झटके येतात आणि ते दगावते. घरच्या कुत्र्याला असे थेंब लावले असतील तर ते सुकेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नये.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांकडे मागणी मोठी नाही. प्राण्यांसाठी चालणाऱ्या प्रत्येक सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित दवाखान्यात तेलाच्या भिंगाचा एक मायक्रोस्कोप, रंगाच्या बरण्यांचे दोन संच आणि ते वापरायला शिकवलेला एक माणूस असावा. त्यासोबत बोक्यांची नसबंदी वाढवावी. मारामाऱ्या घटल्या की गळवे घटतात. आणि पालकांनी अँटिबायोटिकचे इंजेक्शन टोचण्याआधी 'स्लाइड पाहिली का?' असे सरळ विचारावे. त्यात डॉक्टरचा अपमान नाही. केसपेपरवर 'न्यूट्रोफिल भरपूर, आत कॉकाय' किंवा 'इओसिनोफिल, जिवाणू नाहीत' अशी ओळ तारखेसह लिहून मागावी आणि त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. घर कळव्याहून कोपरखैरण्याला हलले आणि डॉक्टर बदलला, तर मागच्या खेपेला काय दिसले होते हे नव्या डॉक्टरला त्या ओळीवरूनच कळेल.

आपला,
एक पशुवैद्यक, नौपाडा, ठाणे